रिपोर्टमधला व्हेरिएंट डेटाबेसमध्ये सापडत नाही: काय तपासायचं, कोणत्या क्रमानं

तक्रार नेहमीचीच. एक्सोम रिपोर्टमध्ये, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या जीनभागांच्या डीएनए तपासणीत, व्हेरिएंट (संदर्भ-क्रमापेक्षा वेगळा डीएनए-बदल) ठळक छापलेला असतो. तो नोमॅडमध्ये, म्हणजे लाखो लोकांत कोणता बदल किती वेळा दिसतो ते सांगणाऱ्या डेटाबेसमध्ये, टाकला की 'नॉट फाउंड'. क्लिनव्हारमध्ये (बदल रोगकारक आहे का याच्या नोंदींचा डेटाबेस) जीनचं नाव टाकलं तर ओळींची रांग लागते, आपली ओळ तेवढी नसते. याहून वाईट प्रकार म्हणजे अ‍ॅनोटेशनचा (व्हेरिएंट्सना डेटाबेसमधली माहिती जोडण्याचा) प्रोग्राम एकही एरर न देता शेवटपर्यंत चालतो आणि फ्रिक्वेन्सीचा (लोकांमधल्या प्रमाणाचा) रकाना वरपासून खालपर्यंत कोरा राहतो. मग 'जगात कुणाकडेच नाही, म्हणजे दुर्मीळ, म्हणजे बहुधा हाच रोगाला कारणीभूत' अशी साखळी जुळते. पुण्यात बायोइन्फर्मॅटिक्सच्या प्रोजेक्टला बसलेले विद्यार्थी असोत किंवा बाह्य लॅबकडून आलेला रिपोर्ट वाचणारे डॉक्टर आणि समुपदेशक, सगळे इथेच अडतात.

'सापडत नाही' याचे चार वेगवेगळे अर्थ होतात. पत्ता चुकलाय, म्हणजे जीनोमची आवृत्ती दुसरीच आहे. पत्ता बरोबर आहे, पण बदल लिहिण्याची पद्धत वेगळी आहे. ती जागा त्या डेटाबेसमध्ये नीट वाचलीच गेलेली नाही. किंवा बदल खरोखरच तिथे नाही. चौथी शक्यता पहिल्या तिन्ही बाद झाल्यावरच उरते, आणि नेमकी तीच सगळ्यांत आधी गृहीत धरली जाते. म्हणून तपासणी याच क्रमानं करायची.

(आदेश, फाइलींची नावं आणि व्हेरिएंटचे पत्ते खाली देवनागरीत आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंक.)

आधी कंट्रोल लावा

पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या चाचणीला) पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे निकाल आधीच माहीत असलेला नमुना, लावल्याशिवाय कुणी निकाल वाचत नाही. डेटाबेस शोधताना मात्र ही शिस्त सुटते. खात्रीनं असलेला एक व्हेरिएंट आधी शोधून पाहा. आपल्याकडे त्यासाठी सिकलसेलचा बदल सोयीचा, कारण त्याबद्दल सगळं पक्कं माहीत आहे: एचबीबी (बीटा ग्लोबिन) जीन, सी.२० ए>टी (जीनच्या विसाव्या अक्षराला ए ऐवजी टी), आरएस३३४ (डीबीस्निप डेटाबेसमधला क्रमांक). नोमॅडच्या चौथ्या आवृत्तीत त्याचा पत्ता ११-५२२७००२-टी-ए (गुणसूत्र-जागा-मूळ अक्षर-नवं अक्षर), दुसऱ्या आवृत्तीत ११-५२४८२३२-टी-ए.

हा सापडला आणि तुमचा सापडला नाही, तर अडचण तुमच्या व्हेरिएंटच्या लिखाणात आहे किंवा तो खरंच नाही. हाही सापडला नाही, तर अडचण तुमच्या फाइलीत किंवा सेटिंगमध्ये आहे आणि पुढची चर्चा तूर्त व्यर्थ. अ‍ॅनोटेशनच्या प्रत्येक पाइपलाइनमध्ये अशा पाच-सहा ओळखीच्या व्हेरिएंट्सची छोटी व्हीसीएफ (व्हेरिएंट्सची यादी असलेली मजकूर-फाइल) कायमची ठेवून द्यावी. नवा डेटाबेस जोडला की आधी ती चालवायची.

बिल्ड: दोन नंबर, एकच जागा

वरचे दोन पत्ते एकाच बेसचे आहेत. ५२४८२३२ हा जीआरसीएच३७ (दुसरं नाव एचजी१९) या संदर्भ-जीनोमच्या आवृत्तीतला, म्हणजे बिल्डमधला. ५२२७००२ हा जीआरसीएच३८ मधला. पहिली आवृत्ती २००९ ची, दुसरी डिसेंबर २०१३ ची. इतकी वर्षं उलटूनही दोन्ही वापरात आहेत आणि रिपोर्टवर कोणती ते पुष्कळदा बारीक अक्षरात शेवटच्या पानावर असतं, किंवा नसतंच. नोमॅडची दुसरी आवृत्ती ३७ वर आहे, तिसरी आणि चौथी ३८ वर. ब्राउझर उघडला की चौथी समोर येते. जुन्या रिपोर्टचा नंबर तिथे टाकला तर तुम्ही बीटा ग्लोबिन सोडून गॅमा ग्लोबिन जीनच्या शेजारी जाऊन पोचता. तिथे टी>ए नाही, एवढंच उत्तर मिळतं. चुकीच्या घराचं दार ठोठावतोय हे डेटाबेस सांगत नाही.

दोन पत्त्यांमधला फरक इथे २१,२३० आहे. हा आकडा सगळीकडे वजा करून चालत नाही. मधल्या भागात कुठे तुकडे भरले गेले, कुठे काढले गेले, त्यामुळे फरक गुणसूत्रावर जागोजागी बदलतो. एका बिल्डचा पत्ता दुसऱ्यात नेणारं क्रॉसमॅप किंवा यूसीएससीचं लिफ्टओव्हर वापरा, तेही संदर्भ-अक्षर तपासूनच.

हातात व्हीसीएफ असेल तर बिल्ड ओळखायला मिनिटसुद्धा लागत नाही. हेडरमधल्या कॉन्टिग ओळीत पहिल्या गुणसूत्राची लांबी बघा. २४९२५०६२१ असेल तर ३७, २४८९५६४२२ असेल तर ३८. हेडर कुणी छाटलं असेल, तर सॅमटूल्स फैडएक्सनं दोन्ही बिल्डच्या फास्टा (संदर्भ-क्रमाच्या) फाइलींमधून त्या जागेचा एक-एक बेस काढा आणि व्हीसीएफमधल्या रेफ (संदर्भ-अक्षर) रकान्याशी ताडून पाहा. एका ओळीवर भरवसा ठेवू नका, अक्षरं चारच आहेत, योगायोगानं जुळू शकतात. वीसेक ओळी जुळल्या तर प्रश्न मिटला. फक्त पीडीएफ रिपोर्ट असेल, तर सी. नं सुरू होणारी नावं व्हेरिएंट व्हॅलिडेटरमध्ये टाका. दोन्ही बिल्डमधले पत्ते मिळतात, त्यातला कोणता छापलाय ते दिसतं.

क्लिनव्हारच्या बाबतीत एक खास सापळा आहे. एनसीबीआयच्या (क्लिनव्हार चालवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या) सर्व्हरवर ३७ आणि ३८ ची व्हीसीएफ वेगवेगळ्या फोल्डरमध्ये आहे, पण फाइलीचं नाव दोन्हीकडे हुबेहूब तेच: क्लिनव्हार.व्हीसीएफ.जीझेड. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये उतरवल्या की दुसरी पहिलीवर बसते. त्यातही जुनी इंडेक्स फाइल तशीच राहिली तर टॅबिक्स (इंडेक्सवरून हव्या त्या ओळी काढणारा प्रोग्राम) भलत्याच जागा उघडतो किंवा काहीच दाखवत नाही. उतरवल्याबरोबर नावात बिल्ड आणि तारीख घाला, इंडेक्स नव्यानं बनवा. हेडरमध्ये रेफरन्स आणि फाइलडेट अशा दोन ओळी असतात, त्या वाचल्याशिवाय फाइल वापरू नका.

लिफ्टओव्हर करताना बिचकायला लावणारं उदाहरण म्हणजे फॅक्टर फाइव्ह लायडन (रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवणारा बदल), आरएस६०२५. जीआरसीएच३७ च्या संदर्भ-क्रमात त्या जागी धोक्याचंच अक्षर बसलं होतं! त्यामुळे ३७ मध्ये तो १-१६९५१९०४९-टी-सी असा दिसतो आणि जवळजवळ प्रत्येक निरोगी माणूस 'बदल असलेला' ठरतो. ज्याच्या दोन्ही प्रतींत लायडन आहे त्याच्या व्हीसीएफमध्ये मात्र ओळच नसते. ३८ मध्ये हे दुरुस्त झालं आणि पत्ता १-१६९५४९८११-सी-टी झाला. नुसते नंबर हलवणाऱ्या साधनानं रेफ आणि ऑल्ट (बदललेलं अक्षर) तसेच ठेवले, तर फ्रिक्वेन्सी थेट उलटी वाचली जाते. पिकार्डचं लिफ्टओव्हर अशा ओळी नाकारून वेगळ्या फाइलीत टाकतं. ती नाकारलेली फाइल उघडून बघायची सवय फार थोड्यांना असते.

'सीएचआर' आहे की नाही

फ्रिक्वेन्सीचा रकाना सरसकट कोरा असेल तर पहिला संशय इथे घ्या. नोमॅडची दुसरी आवृत्ती गुणसूत्राला '११' म्हणते, तिसरी आणि चौथी 'सीएचआर११'. क्लिनव्हारची व्हीसीएफ '११' म्हणते. डीबीस्निपची व्हीसीएफ तिसरंच बोलते, एनसी_००००११.१० असं लांबलचक नाव. मजकूर म्हणून ही तीन नावं वेगळी, त्यामुळे प्रोग्रामला एकही जुळणी मिळत नाही, आणि जुळणी न मिळणं हा त्याच्या लेखी दोष नाही.

उपाय सरळ आहे. जुनं नाव, नवं नाव अशा दोन रकान्यांची साधी टेक्स्ट फाइल करा आणि बीसीएफटूल्स अ‍ॅनोटेटच्या रिनेम-सीएचआरएस पर्यायाला द्या. मायटोकॉन्ड्रियाकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. 'एमटी' आणि 'सीएचआरएम' हा फरक नुसता नावाचा नाही. यूसीएससीच्या मूळ एचजी१९ मधला सीएचआरएम १६,५७१ बेसचा होता. आज सगळे डेटाबेस वापरतात तो क्रम १६,५६९ बेसचा आहे. तिथे नाव बदलून भागत नाही, रीड्स (यंत्रानं वाचलेले डीएनएचे तुकडे) पुन्हा जुळवावे लागतात.

उलटा धागा

जीनोमचे पत्ते डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकावरच लिहितात, एचबीबी जीन मात्र उलट्या धाग्यावर आहे. जीनच्या भाषेत सिकलसेल ए>टी आहे, जीनोमच्या भाषेत टी>ए. रिपोर्टवर सी.२० ए>टी वाचून कुणी ११-५२२७००२-ए-टी टाकलं, तर उत्तर 'नाही' असंच येणार.

महाराष्ट्रात बीटा थॅलेसेमियाच्या रिपोर्टांवर वारंवार दिसणारा बदल म्हणजे आयव्हीएस १-५ जी>सी, आजच्या लिखाणात सी.९२+५ जी>सी. जीनोमवर तो ११-५२२६९२५-सी-जी होतो. आता गंमत बघा. ए-टी आणि जी-सी या जोड्या उलट्या धाग्यावरही त्याच दोन अक्षरांच्या राहतात. म्हणजे आपल्या भागात सर्वाधिक लागणारे हे दोन्ही व्हेरिएंट असे आहेत की नुसती अक्षरं पाहून धागा चुकलाय हे ओळखताच येत नाही. ए>जी सारखा बदल उलटला की टी>सी होतो आणि चूक लगेच डोळ्यांवर येते. इथे तसं होत नाही. मायक्रोअ‍ॅरेचा डेटा डेटाबेसशी जोडताना तर हे हमखास फसतं, कारण चिप बनवणारे आपला स्वतंत्र धागा धरतात. संदर्भ-फास्टामधला बेस ताडून पाहणं हाच इलाज. फ्रिक्वेन्सी जवळपास आहे म्हणून धागा बरोबर, असला अंदाज पन्नास टक्क्यांजवळच्या व्हेरिएंटला लावू नका.

आरएस नंबरनं शोधलं की धाग्याची कटकट टळते, पण दुसरी सुरू होते. आरएस३३९१५२१७ हा नंबर ५२२६९२५ या जागेचा आहे. तिथे सी>जी आहे, सी>ए आहे आणि सी>टीही आहे. नंबर एक, बदल तीन. आरएस नंबर जुळला म्हणून पहिल्या ओळीची फ्रिक्वेन्सी उचलली, तर ती दुसऱ्याच बदलाची असू शकते. शिवाय जुने नंबर नव्यात विलीन होत राहतात. दहा वर्षांपूर्वीच्या शोधनिबंधातला नंबर डीबीस्निपचं संकेतस्थळ नव्या पानावर नेऊन पोचवतं, तुमची डाउनलोड केलेली फाइल ते करत नाही. म्हणून जोडणी नेहमी चार गोष्टींवर करा: गुणसूत्र, जागा, रेफ, ऑल्ट. आरएस नंबर माणसांना एकमेकांशी बोलायला ठीक आहे.

गाळलेली-भरलेली अक्षरं

एका अक्षराचे बदल बिल्ड, नाव आणि धागा सुधारला की बहुतेक सापडतात. इंडेल, म्हणजे अक्षरं गळण्याचे किंवा भरण्याचे बदल, मात्र त्यानंतरही हुलकावणी देतात, कारण एकच बदल अनेक प्रकारे बरोबर लिहिता येतो.

बीटा थॅलेसेमियातलाच कोडॉन (तीन अक्षरांचा गट) ४१/४२ चा बदल घ्या. चार अक्षरं गळतात. जुन्या यादीत तो वजा टीटीसीटी असा लिहिलेला सापडतो, दुसरीकडे वजा सीटीटीटी. मूळ क्रम टीटीसी टीटीटी जीएजी असा आहे. त्यातून पहिली चार अक्षरं टीटीसीटी काढली तर टीटीजीएजी उरतं. तिसऱ्यापासूनची चार सीटीटीटी काढली तरी टीटीजीएजीच उरतं. रुग्णाच्या डीएनएत फरक शून्य. एचजीव्हीएस या नामकरण-पद्धतीचा नियम सांगतो की अशा वेळी जीनच्या शेवटाकडे सरकता येईल तितकं सरका, म्हणून अधिकृत नाव सी.१२६_१२९डेल.

व्हीसीएफचा नियम वेगळा: जीनोमवर डावीकडे सरकता येईल तितकं सरका आणि आधीचं एक अक्षर टेकू म्हणून लिहा. जीआरसीएच३८ वर हा बदल ११-५२२६७६२-सीएएएजी-सी असा बसतो. एखाद्या कॉलरनं (व्हेरिएंट शोधणाऱ्या प्रोग्रामनं) न सरकवता ११-५२२६७६४-एएजीएए-ए लिहिलं, तर तेही खरंच आहे, पण डेटाबेसमध्ये या नावाची ओळ नाही. दोन बेसचा फरक आणि निकाल 'नॉट फाउंड'.

एचबीबी उलट्या धाग्यावर असल्यानं जीनचा शेवट आणि जीनोमची डावी बाजू एकाच दिशेला येतात, दोन्ही नियम इथे योगायोगानं जुळतात. सरळ धाग्यावरच्या जीनमध्ये ते परस्परविरुद्ध ओढतात. सिस्टिक फायब्रोसिसचा प्रसिद्ध एफ५०८डेल पाहा. सी.१५२१_१५२३डेल या नावाप्रमाणे जीआरसीएच३७ वर गळालेली अक्षरं ११७१९९६४६ ते ११७१९९६४८. व्हीसीएफमध्ये मात्र तो ७-११७१९९६४४-एटीसीटी-ए. एचजीव्हीएसवरून हातानं पत्ता बनवणारे इथे हमखास घसरतात. हातानं बनवूच नका.

व्हीसीएफवर बीसीएफटूल्स नॉर्म (लिखाण एकसारखं करणारा आदेश) चालवा. एफ पर्यायानं संदर्भ-फास्टा द्या आणि एम पर्यायाला 'वजा-एनी' द्या, म्हणजे एका ओळीत कोंबलेले अनेक ऑल्ट वेगवेगळ्या ओळींत येतात. हे दुसरं काम विसरलं तर 'सी > जी, टी' अशी जोडओळ कोणत्याच डेटाबेसशी जुळत नाही. मूळ सेटिंगमध्ये नॉर्म रेफ अक्षर फास्टाशी ताडतो आणि पहिल्याच विसंगतीला थांबतो. म्हणजे बिल्ड चुकलं असेल तर इथे फुकटात कळतं. वैतागून लोक चेक-रेफला 'एस' देतात. मग तो रेफ मुकाट्यानं 'दुरुस्त' करतो आणि चूक फाइलभर पसरते. थांबला तर थांबू द्या, का थांबला ते बघा.

डेटाबेसची फाइल स्वतः बनवली असेल किंवा कुणाकडून मिळाली असेल, तर तीही त्याच फास्टावर नॉर्म करून घ्या. एकाच बाजूला नॉर्म करून उपयोग नाही.

६ की ७? जुने आकडे

सिकलसेलला पाठ्यपुस्तकं ग्लू६व्हॅल म्हणतात, क्लिनव्हार ग्लू७व्हॅल. पूर्वी पहिलं मेथिओनिन मोजत नसत, आता मोजतात. फॅक्टर फाइव्ह लायडन पूर्वीचा आर५०६क्यू, आजचा एआरजी५३४जीएलएन. तिथे २८ अमिनो आम्लांचा सिग्नल पेप्टाइड मोजणीत आला. जुन्या मराठी-इंग्रजी रिपोर्टांवर दोन्ही पद्धती दिसतात. प्रथिनाच्या नावावरून शोधणं टाळा. हिमोग्लोबिनच्या जीनांसाठी एचबीव्हार आणि इथाजीन्स हे दोन खास डेटाबेस जुनी नावं आजच्या नावांसमोर मांडून देतात. आयव्हीएस, कोडॉन वगैरे शब्द रिपोर्टवर असतील तर आधी तिथे जा.

ट्रान्स्क्रिप्टचाही (जीनवरून बनणाऱ्या आरएनए-प्रतीचाही) असाच घोळ होतो. एकाच जीनच्या दोन ट्रान्स्क्रिप्टवर एकाच बदलाचा सी. नंबर वेगळा येतो. रिपोर्टवर एनएम नंबर (ट्रान्स्क्रिप्टचा क्रमांक) नसेल तर लॅबला विचारा, अंदाज करू नका. नवीन काम करताना 'मेन सिलेक्ट' ट्रान्स्क्रिप्ट धरा. एनसीबीआय आणि एन्सेम्बल यांचं निदान त्यावर एकमत आहे.

जागा वाचलीच नव्हती

पत्ता पक्का, लिखाण पक्कं, तरीही नाही. आता त्या जागेचा एएन बघा, म्हणजे किती गुणसूत्रप्रती तिथे प्रत्यक्ष वाचता आल्या. नोमॅडच्या चौथ्या आवृत्तीत ८,०७,१६२ माणसं आहेत, म्हणजे कमाल एएन सोळा लाखांच्या वर. आजूबाजूच्या व्हेरिएंट्सचा एएन त्याच्या निम्म्याहूनही खाली असेल, तर तिथल्या अनुपस्थितीला फार किंमत देऊ नका. ४.० मध्ये एकत्रित एएनमध्येच दोष होता, तो ४.१ मध्ये काढला. कुणाच्या सर्व्हरवर अजून ४.० ची फाइल असेल तर बदला.

ब्राउझरमध्ये जीनचं पान उघडून खाली सरकत शोधणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. गुणवत्तेच्या चाळणीत अडकलेले व्हेरिएंट तिथे मुळात लपलेले असतात, ते दिसण्यासाठी वेगळी खूण करावी लागते. आणि जीनच्या पानावर एक्सॉन (जीनचे प्रथिनासाठी वापरले जाणारे तुकडे) व त्याच्या कडेची ७५ बेस इतकाच भाग येतो. एचबीबीचा सी.३१६-१९७ सी>टी हा ओळखीचा थॅलेसेमिया बदल एक्सॉनपासून १९७ बेस आत, इन्ट्रॉनमध्ये (दोन एक्सॉनमधल्या भागात) आहे, तो जीनच्या पानावर दिसणारच नाही. पत्ता टाकून किंवा गुणसूत्राचा पट्टा देऊन शोधा.

मोठ्या डिलीशनचं (अक्षरांचा मोठा तुकडा गळण्याचं) प्रकरण पुण्यात विशेष महत्त्वाचं. पिंपरीत सिंधी वस्ती मोठी आहे आणि सिंधी समाजातल्या बीटा थॅलेसेमियात ६१९ बेसचं डिलीशन हा प्रमुख बदल आहे. त्यात दुसऱ्या इन्ट्रॉनचा शेवटचा भाग आणि तिसरा एक्सॉन जातो. नेहमीच्या व्हेरिएंट कॉलरला हा दिसत नाही, त्यामुळे व्हीसीएफमध्ये ओळ नाही, आणि छोट्या बदलांच्या डेटाबेसमध्येही तो नाही. नोमॅडमध्ये ५० बेस आणि त्याहून मोठ्या बदलांचा स्ट्रक्चरल व्हेरिएंटचा संच स्वतंत्र आहे, तो वरच्या यादीतून निवडावा लागतो. तिथेही तंतोतंत पत्ता जुळण्याची अपेक्षा ठेवू नका. पट्टा देऊन शोधा आणि सुरुवात-शेवट काही बेस इकडेतिकडे चालवून घ्या. एचबीए२ (बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांत वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) वाढलेलं आहे आणि एक्सोममध्ये एचबीबी 'स्वच्छ' आहे, असा रिपोर्ट हातात आला, तर डेटाबेस बाजूला ठेवून गॅप-पीसीआर (मोठं डिलीशन शोधणारी चाचणी) सांगा. डिलीट झालेल्या भागातला एखादा साधा बदल दोन्ही प्रतींत असल्यासारखा दिसणं, हीसुद्धा याच डिलीशनची खूण असू शकते.

जुळ्या जीनांच्या बाबतीतही डेटाबेस आंधळा असतो. एसएमएन१ आणि एसएमएन२, अल्फा ग्लोबिनच्या दोन प्रती, सीवायपी२१ए२ आणि त्याचा स्यूडोजीन (निकामी प्रत): छोटे रीड्स कुठले ते ठरत नाही, म्हणून तिथली फ्रिक्वेन्सी दिसली तरी जपून वापरा आणि नाही दिसली तरी निष्कर्ष काढू नका.

आता खरंच नाही. मग?

नाही, तर कुणात नाही? नोमॅडचा दक्षिण आशियाई गट दुसऱ्या आवृत्तीत १५,३०८ जणांचा होता आणि ते सगळे एक्सोमचे. तिथल्या जीनोम-संचात दक्षिण आशियाई हा वेगळा गटच नव्हता. म्हणजे एक्सॉनपासून लांबच्या बदलासाठी दुसऱ्या आवृत्तीतली आपल्याकडची फ्रिक्वेन्सी शून्य नसते, अनुपलब्ध असते. चौथ्या आवृत्तीत हा गट सुमारे ४५ हजारांवर गेला. त्यात पाकिस्तानातल्या प्रॉमिस अभ्यासातले आणि ब्रिटनच्या यूके बायोबँकेतले लोक आहेत. १००० जीनोम्स या जागतिक प्रकल्पातले पाच दक्षिण आशियाई गट पाहा: ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकी तमिळ. मराठी माणूस कुठे बसतो ते ज्यानं-त्यानं ठरवावं.

म्हणून सीएसआयआर-आयजीआयबीचा इंडिजीनोम्स हा डेटाबेस पाहिल्याशिवाय 'नाही' म्हणू नका. १,०२९ भारतीयांचे संपूर्ण जीनोम, जीआरसीएच३८ वर, साडेपाच कोटींवर व्हेरिएंट, आणि शोधायला लॉगिन लागत नाही. जीनोमएशियाच्या २०१९ च्या पहिल्या टप्प्यात १,७३९ जण होते. जीनोमइंडियाच्या दहा हजार जीनोमची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली, डेटा फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहे. तो परवानगीनं मिळतो, त्यामुळे उद्याच्या रिपोर्टसाठी त्यावर विसंबू नका.

'इंडिजीनोम्समध्येही नाही' याचं वजन मोजता येतं. १,०२९ माणसं म्हणजे २,०५८ प्रती. शून्य वेळा दिसलं तर ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा साधारण तीन भागिले २,०५८, म्हणजे ०.१५ टक्के. वाहकांच्या भाषेत सुमारे ३४० जणांत एक. इतका सर्रास वाहक असलेला बदलसुद्धा या संचात एकदाही न दिसणं शक्य आहे. शिवाय हा हिशेब सगळा देश एकजिनसी धरून. एकाच समाजात पिढ्यान्‌पिढ्या लग्नं होतात तिथे समाजाचा स्वतःचा खास बदल साचतो. आर्य वैश्य समाजातला बीसीएचई जीनचा बदल, ज्यामुळे भुलीतल्या स्कोलिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधानंतर श्वास लवकर परतत नाही, हे त्याचं पुस्तकी उदाहरण. अशा बदलाची देशपातळीवरची सरासरी काढून काही हाती लागत नाही.

उलटी चूकही होते. नोमॅडमध्ये आहे म्हणून निरुपद्रवी, असं नाही. गंभीर बालरोग असलेले आणि त्यांचे जवळचे नातेवाईक त्यातून वगळलेत, पण अप्रभावी (रिसेसिव्ह) रोगांचे वाहक त्यात आहेतच. सिकलसेल तिथे आहे म्हणूनच तर तो कंट्रोल म्हणून चालतो. आणि एकूण फ्रिक्वेन्सी न बघता गटाची बघा. एमवायबीपीसी३ या हृदयस्नायूच्या जीनमधलं २५ बेसचं इन्ट्रॉनिक डिलीशन दक्षिण आशियाईंमध्ये सुमारे ४ टक्के लोकांत आहे आणि इतरत्र जवळजवळ नाही; जागतिक सरासरीत ते दुर्मीळ भासतं.

क्लिनव्हारमध्ये सापडलं तरी तारे मोजा. चार तारे म्हणजे मार्गदर्शक सूचना, तीन म्हणजे तज्ज्ञ समिती, दोन म्हणजे निकष देणाऱ्या अनेकांचं एकमत. एक तारा एकाच लॅबचा असतो किंवा निकष देऊनही मतभेद असलेला. शून्य ताऱ्याच्या 'पॅथोजेनिक'वर गर्भावस्थेतला निर्णय उभा करणं धोक्याचं. तिथे खालच्या एससीव्ही नोंदी (प्रत्येक लॅबनं स्वतंत्र पाठवलेल्या) उघडून कुणी, कधी, कशाच्या आधारे म्हटलंय ते वाचा. २०११ ची एकच नोंद आणि आज त्या बदलाची फ्रिक्वेन्सी दोन टक्के, हे दृश्य दुर्मीळ नाही.

एक्सेल

टेबल एक्सेलमध्ये उघडलं की १/१ या जीनोटाइपची (दोन्ही प्रतींत बदल, म्हणजे होमोझायगोट) १ जानेवारी होते. ०/१ तसंच राहतं, त्यामुळे होमोझायगोट तेवढे गायब होतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मार्च१, सेप्ट२ अशा जीनांची तारीख होत असे म्हणून २०२० मध्ये त्यांची अधिकृत नावंच मार्चएफ१, सेप्टिन२ अशी बदलली. जुन्या यादीत अजून जुनी आहेत. फाइल डबल-क्लिक करून उघडू नका, इम्पोर्ट करताना सगळे रकाने टेक्स्ट ठेवा.

फाइल केवढी, इंटरनेट केवढं

हॉस्टेलच्या वायफायवर नोमॅडचा अख्खा जीनोम-संच उतरवण्याचा हट्ट नको. टॅबिक्सला फाइलीचा वेबपत्ता आणि पट्टा द्या, उदाहरणार्थ सीएचआर११:५२२५०००-५२२८०००, तो फक्त तेवढ्याच ओळी ओढतो. ज्या फोल्डरमधून आदेश दिला त्यात इंडेक्सची प्रत पडून राहते. आवृत्ती बदलली की ती आधी उडवा.

तरीही अडलं तर विचारताना

एवढं द्या: गुणसूत्र-जागा-रेफ-ऑल्ट, बिल्ड, एनएम नंबर आवृत्तीसकट, डेटाबेसची आवृत्ती, नॉर्म केलंय की नाही, आणि कंट्रोल सापडला का. स्क्रीनशॉट नको, ओळ मजकूर म्हणून चिकटवा. रुग्णाची व्हीसीएफ ग्रुपवर किंवा अनोळखी संकेतस्थळावर चढवू नका. फाइल द्यायचीच तर बीसीएफटूल्स व्ह्यूला मोठा जी पर्याय देऊन जीनोटाइपचे रकाने काढा, हेडरमधल्या आदेशांच्या ओळींत रुग्णाचं नाव किंवा नमुना क्रमांक राहिलाय का ते पाहा, आणि अडलेल्या जागेभोवतीच्या ओळी तेवढ्याच पाठवा.